कल्याणची यमुना आणि छप्पन्न वर्षांचं अंतर

डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, तेव्हा बाविसावं वर्ष पुरं व्हायलाही महिनाभर बाकी होता. त्यांच्यावर कादंबरी झाली, चित्रपट झाला. त्यांची जिद्द आपल्याला पाठ आहे. ज्यानं ती गोष्ट मध्येच तोडली, तो आजार मात्र आपण ‘क्षय झाला’ एवढ्यावर उरकतो. मला वाटतं, या चरित्राचं एक प्रकरण त्यांच्या मागे लिहिलं गेलं.

माहेरची यमुना कल्याणच्या जोशी घराण्यातली. जन्म ३१ मार्च १८६५ चा. आगगाडी कल्याणला १८५४ मध्येच पोचली होती. मुलींचं शिक्षण मात्र अजून यायचं होतं. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी टपालखात्यात, बिजवर आणि वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टात मारही होता. मला गोपाळरावांना देव्हाऱ्यात बसवता येत नाही, पण त्यांना वगळून ही गोष्टही सांगता येत नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं, ते इथून ठरलं.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना घरात घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मग फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय, तिथली थंडी, शाकाहार, आणि हळूहळू पोखरली जाणारी प्रकृती. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक ठरली होती. परतल्यावर ती खुर्ची त्यांना कधीच गाठता आली नाही.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ ला जाहीर केला होता, आनंदीबाई निघण्याच्या वर्षभर आधी. म्हणजे त्या शिकत होत्या तेव्हा शत्रूचं नाव ठाऊक होतं. वर्मस्थान ठाऊक नव्हतं.

ते वर्म कुठे आहे, हे सांगायला मी माझ्या जुन्या नोकरीचा आधार घेतो. बँकेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन अधिकारी, दोन किल्ल्या, दोघंही हजर हवेत. एकदा दार उघडलं की व्यवहार भराभर होतात, म्हणून सारी दक्षता दाराशीच. पेशीत प्रथिनं तयार होतात तिथेही असंच असतं. रायबोसोम नावाच्या यंत्राचे दोन भाग. आधी लहान भाग आरएनएचा निरोप पकडतो, त्यातली सुरुवातीची खूण शोधतो, पहिलं अमिनो आम्ल तिथे हजर होतं, आणि या सगळ्याची खातरजमा झाल्यावरच मोठा भाग येऊन बसतो. मग साखळी सरसर वाढते.

आपल्या पेशी या दारावर कडक पहारा ठेवतात. अन्नातली अमिनो आम्लं कमी पडली किंवा विषाणू आत शिरला, की पहिलं अमिनो आम्ल पोचवणाऱ्या मदतनीस प्रथिनाला फॉस्फेटची एक टिकली चिकटवली जाते, आणि बहुतेक उत्पादन सुरू होण्याआधीच थंडावतं. अर्धवट बनवून फेकण्यापेक्षा न सुरू करणं स्वस्त. आमचे जुने शाखाप्रमुख कर्जाबाबत हेच करायचे.

जंतूलाही जगायला प्रथिनं लागतात. पण त्याचं यंत्र आपल्यापेक्षा लहान आणि वेगळ्या घडणीचं आहे. आपल्या पेशीत रायबोसोमचा लहान भाग निरोपाचं टोक पकडून खुणेपर्यंत सरकत जातो. जिवाणूत तो बहुधा खुणेपाशीच उतरतो. कुलूप निराळं, म्हणून ते अडकवणारी काडीही निराळी चालते.

ती काडी १९४३ मध्ये सापडली. सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्यानं मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. प्रयोगशाळा रटगर्स विद्यापीठाची, न्यू जर्सीतली. मावशींचं रोझेल त्याच राज्यात. अंतर फक्त काळाचं होतं, छप्पन्न वर्षांचं.

हे औषध जंतूच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटतं. सुरुवातीची जुळणी बिघडवतं, आणि जे यंत्र तरीही चालू राहील त्याच्याकडून निरोप चुकीचा वाचवतं. हे सारं उमगायला आणखी काही दशकं गेली. त्या लहान भागाचं चित्र औषधासकट अणूच्या पातळीवर २००० मध्ये हाती आलं. ते काढणाऱ्यांत आपले चिदंबरमचे वेंकटरामन रामकृष्णन होते. २००९ चं नोबेल त्यांना दोघांबरोबर विभागून मिळालं.

औषध निर्दोष नव्हतं. एकट्यानं दिलं तर जंतू लवकरच त्याला दाद देईनासे होतात, म्हणून जोडीला दुसऱ्या गोळ्या आल्या. शिवाय आपल्या पेशींतल्या ऊर्जाघरांना, मायटोकॉन्ड्रियांना, स्वतःचे रायबोसोम असतात आणि ते जिवाणूंच्या वळणाचे असतात. त्यामुळे कानाला इजा होऊ शकते.

१९७० च्या सुमारास डोंबिवलीच्या आमच्या चाळीत एका काकूंना क्षय झाला. आनंदीबाईंच्या कल्याणपासून दोन स्टेशनांवर. कंपाउंडर रोज सुई टोचायला यायचा, वर दीड वर्ष गोळ्या. काकू बऱ्या झाल्या, दोन मुलींची लग्नं करून नातवंडांत रमल्या. ऐकू मात्र कमी यायचं, तेव्हा आम्ही मुलं त्यांच्याशी जिन्यापासूनच ओरडून बोलायचो.