सरकारी स्कॉलरशिपवर विलायतेला गेलेले सय्यद महमूद

परदेशी शिक्षणाच्या सरकारी स्कॉलरशिपची जाहिरात आली की आपल्या घरांत तीच धावपळ सुरू होते. उत्पन्नाचा दाखला काढा, मार्कशीट साक्षांकित करून आणा, आणि एवढं सगळं झाल्यावर रात्री जेवताना वडील विचारतात, स्कॉलरशिप मिळाली तरी वरचा खर्च कुठून आणायचा? दीडशे वर्षांपूर्वी बनारसमधल्या एका घरातही हाच सवाल उठला होता. ते घर होतं सय्यद अहमद खान यांचं, जे पुढे सर सय्यद झाले. मुलगा होता सय्यद महमूद. अलीगढचं नाव आपल्यात लहान मुलालाही माहीत असतं, पण या महमूद यांचं नाव क्वचितच कुणी घेतं.

महमूद यांचा जन्म २४ मे १८५० चा, दिल्लीचा. ते सात वर्षांचे असताना १८५७ चा उठाव झाला आणि दिल्लीची जुनी घराणी उद्ध्वस्त झाली. पुढे १८६१ मध्ये वालिदांचा इंतकाल झाला. सर सय्यद तेव्हा जेमतेम चाळिशी ओलांडलेले, पण त्यांनी दुसरा निकाह केला नाही. कोर्टाची नोकरी, त्यात सारख्या बदल्या. मुलाची तालीम कधी दिल्लीत, कधी बनारसच्या क्वीन्स कॉलेजात. १८६८ मध्ये महमूद कलकत्ता युनिव्हर्सिटीची मॅट्रिक पास झाले.

नेमकं त्याच साली व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांच्या सरकारने एक योजना काढली. हिंदुस्थानी तरुणांनी इंग्लंडला जाऊन शिकावं म्हणून नऊ शिष्यवृत्त्या, वर्षाला २०० पौंड, तीन वर्षांसाठी. तेव्हाच्या भावाने साधारण दोन हजार रुपये. काही जागा परीक्षेने भरायच्या, काही सरकारच्या निवडीने. वायव्य प्रांतातून महमूद यांची निवड झाली. पोरगा हुशार होताच, पण १८५७ मध्ये इंग्रजांचे जीव वाचवणाऱ्या बापाचं नावही साहेबांना चांगलं ठाऊक होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. असा बाप नसलेल्या किती हुशार मुलांची नावं साहेबांपर्यंत पोहोचलीच नसतील!

सर सय्यद यांनी ठरवलं की मुलाला एकट्याला पाठवायचं नाही, आपणही जायचं आणि इंग्रज आपल्या मुलांना कसं शिकवतात ते डोळ्यांनी बघायचं. थोरला मुलगा सय्यद हमीद, मित्र मिर्झा खुदादाद बेग आणि एक नोकर असे सगळे निघाले. स्कॉलरशिप होती एकाची, खर्च होता पाच जणांचा. मग घर गहाण पडलं, किताबांचा संग्रह विकला गेला, व्याजाने कर्ज काढलं. सरकारी पैशात मुलगा शिकला असं म्हणणं सोपं आहे. हिशेब मांडला तर घरचा वाटा जड भरतो.

१ एप्रिल १८६९ ला ही मंडळी बनारसहून निघाली. मुंबईपर्यंत सलग रेल्वे अजून झाली नव्हती, ती पुढच्या वर्षी झाली. १० एप्रिलला मुंबई बंदरातून ‘बडोदा’ नावाची आगबोट सुटली. सुएझचा कालवाही तेव्हा खुला व्हायचा होता, म्हणून इजिप्तमध्ये उतरून रेल्वेने पलीकडे जायचं आणि पुन्हा बोट धरायची. ४ मे रोजी लंडन आलं.

महमूद यांनी लिंकन्स इनमध्ये कायद्यासाठी नाव घातलं आणि पुढे केंब्रिजच्या क्राइस्ट कॉलेजात लॅटिन, ग्रीक आणि पूर्वेकडच्या भाषा शिकले. वडील तोवर दुसऱ्याच कामात बुडाले होते. विल्यम म्यूर यांनी पैगंबर साहेबांच्या चरित्रात जे लिहिलं होतं त्याला जवाब देणारी किताब ते लंडनच्या लायब्ररीत बसून लिहीत होते. छपाईला पैसे कमी पडले तेव्हा घरची तांब्याची भांडीसुद्धा विका, असं त्यांनी हिंदुस्थानात मित्राला कळवलं. गंमत बघा, हेच म्यूर तेव्हा त्यांच्या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. सरकारची स्कॉलरशिप घ्यायची, आणि त्याच सरकारच्या बड्या साहेबाला इल्मी जवाबही द्यायचा! एकासाठी दुसरं सोडलं नाही.

ती योजना मात्र टिकली नाही. लंडनमधले भारतमंत्री ड्यूक ऑफ अर्गाइल यांनी ती थोड्याच काळात बंद केली. दादाभाई नौरोजींनी याबद्दल सरकारला चांगलंच सुनावलं होतं. महमूद यांच्यामागून येणाऱ्या मुलांसाठी ते दार बंद झालं.

१८७२ मध्ये महमूद बॅरिस्टर होऊन परतले आणि अलाहाबादला वकिली सुरू केली. पण आमच्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम त्याच्या लगेच नंतरचं आहे. फेब्रुवारी १८७३ मध्ये त्यांनी मुसलमान मुलांच्या कॉलेजचा आराखडा कमिटीपुढे ठेवला. केंब्रिजसारखं, जिथे मुलं राहतील, एकत्र जेवतील, खेळतील आणि शिकतील. वय होतं बावीस. २४ मे १८७५ ला अलीगढची शाळा उघडली, १८७७ मध्ये कॉलेजचा पाया घातला गेला. विलायतेला जाणं ज्यांना परवडणार नव्हतं त्यांच्यासाठी विलायतेतलं कॉलेज इथे आणायचं, असा तो बेत.

१८७९ मध्ये ते रायबरेलीचे जिल्हा न्यायाधीश झाले आणि १८८७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाचे कायम जज्ज. तिथले पहिले हिंदुस्थानी. निकाह, मेहर आणि नवरा-बायकोच्या हक्कांवरचा त्यांचा १८८६ चा अब्दुल कादिर विरुद्ध सलिमा हा निकाल आजही एलएलबीच्या मुलांना वाचावा लागतो. १८९१ च्या एका खटल्यात तुरुंगातून अपील करणाऱ्या, वकील न परवडणाऱ्या कैद्याचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे, असं त्यांनी बाकीच्या जज्जांपेक्षा वेगळं मत दिलं.

शेवटची वर्षं दुःखाची आहेत आणि तीही सांगायला हवीत. चीफ जस्टिसशी खटके उडाले, निकाल रखडतात आणि शराब पितात असे आरोप झाले, १८९३ मध्ये राजीनामा द्यावा लागला. वडिलांशीही बिनसलं; १८९८ मध्ये सर सय्यद यांनी शेवटचा श्वास घेतला तो मित्राच्या घरी. कॉलेजच्या कारभारातून महमूद यांना बाजूला व्हावं लागलं आणि तो मोहसिन-उल-मुल्क यांच्याकडे गेला. एवढ्या पडझडीतही १८९५ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजी शिक्षणाचा जाडजूड इतिहास लिहून छापला.

८ मे १९०३ ला सीतापूरला त्यांचा इंतकाल झाला. कबर अलीगढच्या जामा मशिदीच्या आवारात, वालिदांच्या शेजारी आहे. मुलगा रॉस मसूद तेव्हा चौदा वर्षांचा होता. तोही पुढे ऑक्सफर्डला शिकला, आणि १९२९ मध्ये अलीगढ मुस्लिम युनिव्हर्सिटीचा कुलगुरू झाला.