मालकी न सांगितलेला किरण

शोधावर शोधकाची मालकी असावी की नसावी, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. लाभाची हमी नसेल तर संशोधनात पैसा घालणार कोण, असा पेटंटच्या पुरस्कर्त्यांचा सवाल असतो. तर ज्ञान वाटल्याने घटत नाही, मग त्याला कुंपण कशासाठी, असे विरोधक विचारतात. या वादात विल्हेल्म कॉनराड राँटगेन यांच्या चरित्राची साक्ष काढल्यावाचून गत्यंतर नाही.

जर्मनीतील लेनेप या गावी २७ मार्च १८४५ रोजी एका कापड-व्यापाऱ्याच्या घरी राँटगेन जन्मले. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब हॉलंडमध्ये गेले. उट्रेख्टच्या शाळेत एका वर्गबंधूने शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. त्याचे नाव सांगण्यास राँटगेननी नकार दिला आणि शाळेतून काढले जाणे पत्करले. शालान्त प्रमाणपत्र नाही, म्हणून विद्यापीठांची दारे बंद झाली. झुरिकच्या तंत्रविद्यालयाने त्यांना घेतले. १८६९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तरीही त्याच उणिवेवर बोट ठेवून व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. पुढे १८८८ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने प्राध्यापकपदी बोलाविले आणि १८९४ मध्ये कुलगुरूही केले!

८ नोव्हेंबर १८९५ च्या सायंकाळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून वीज सोडली असता, काही अंतरावरील रासायनिक लेप दिलेला पडदा उजळलेला त्यांना दिसला. सात आठवडे एकट्याने पडताळा घेऊन २८ डिसेंबरला त्यांनी निबंध सादर केला. किरणांचे स्वरूप अज्ञात, म्हणून त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे चिन्ह नावास जोडले. आपल्या ‘क्ष-किरण’ या शब्दातही ते टिकून आहे. पुढील काही आठवड्यांतच निरनिराळ्या देशांचे डॉक्टर मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या या किरणांनी शोधू लागले. हा वेग कोठून आला? लागणारी उपकरणे बहुतेक भौतिकी प्रयोगशाळांत होतीच, आणि वापरासाठी कोणाची परवानगी काढावयाची नव्हती. राँटगेननी पेटंट घेतले नाही. १९०१ चे भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. सरदारकीची उपाधीही नाकारली.

या मोकळेपणाला दुसरी बाजू होती. किरणांचे धोके कळण्यापूर्वीच त्यांचा सर्रास वापर झाला. कित्येक डॉक्टर व तंत्रज्ञ भाजले, काही प्राणास मुकले. शोध खुला असावा, पण त्याचा वापर नियमनाविना नसावा, हा धडा जगाला मोठी किंमत देऊन शिकावा लागला. खुद्द राँटगेनचा अंतकाळ सुखाचा नव्हता. १९१९ मध्ये पत्नी निवर्तल्या. युद्धोत्तर चलनवाढीत मार्कची किंमत कोसळली आणि विद्यापीठाला दिलेला निधीही विरघळून गेला. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या किरणांनी काढलेले चित्र म्हणजे सावली. पुढचे-मागचे अवयव तीत एकावर एक पडतात. कवटीच्या आतील मऊ मेंदू तर तीत जवळजवळ दिसतच नाही. ही उणीव सीटी स्कॅनने भरून काढली. ॲलन कॉर्मॅक यांनी त्यामागील गणित १९६३-६४ मध्ये प्रसिद्ध केले, पण त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. इंग्लंडमध्ये ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड स्वतंत्रपणे त्याच दिशेने गेले. त्यांच्या यंत्रात किरण डोक्याभोवती एकेका अंशाने १८० वेळा वळे, दर कोनातून १६० मोजमापे होत, आणि त्या २८,८०० आकड्यांवरून संगणक मेंदूचा आडवा छेद रेखाटत असे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे स्कॅन झाले. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल दोघांना विभागून मिळाले.

ईएमआयने पेटंटे घेतली होती. तरी १९८० च्या सुमारास तिला या धंद्यातून बाहेर पडावे लागले. यावरून पेटंट निरुपयोगी ठरते, असे मुळीच नाही. यंत्र घडविण्यास वर्षानुवर्षे पैसा ओतावा लागतो, आणि तो परत मिळण्याची अपेक्षा गैर नव्हे. मात्र त्या यंत्राचा पाया असलेले किरण आणि गणित कोणाच्याही मालकीचे नव्हते. किरणालाच कुंपण पडले असते, तर त्यापुढील पाऊणशे वर्षांची वाटचाल इतकी मोकळी झाली असती काय?

म्हणून यंत्राला मालक असो, मूलभूत ज्ञानाला नसावा. आणि जे ज्ञान फुकट मिळाले, त्यावर उभ्या राहिलेल्या तपासणीसाठी गरिबाला घरदार गहाण टाकावे लागू नये, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. राँटगेनच्या त्यागाचे ऋण मानावयाचे, तर ते याच मार्गाने फेडता येईल.