माळावर कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर



विहिरीवरच्या पंपावर आणि इंजिनावर किर्लोस्कर हे नाव आपण कितीदा तरी वाचतो. हे नाव ज्यांच्यामुळे घरोघरी पोचले त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र मी या अंकासाठी निवडले आहे. एखादा विषय जमत नाही म्हणून शाळाच सोडायच्या गोष्टी करणारे मित्र माझ्याही वर्गात आहेत. त्यांनी तर हे जरूर वाचावे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांना लहानपणापासून दोन नाद होते. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रे खोलून बघण्याचा. चित्रकला शिकायची म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. वडिलांची मर्जी नव्हती, पण थोरले भाऊ रामूअण्णा यांनी पाठबळ दिले. मुंबईत मन लावून शिकत असताना भलतीच अडचण निघाली. लक्ष्मणरावांना रंगांच्या छटा नीट ओळखता येत नव्हत्या. चित्रकाराला रंगच ओळखता येईनात, मग पुढे काय?

दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून गावी आला असता. लक्ष्मणरावांनी विचार केला की रंग गेले तरी रेघ आपल्या हातात आहे. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची कला शिकून घेतली. त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिकवण्याची नोकरीही लागली. तिथल्या यंत्रांवर त्यांनी आपला हात बसवून घेतला.

पण पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती दुसऱ्याला दिली गेली. इंग्रजी अमदानीत असे व्हायचे. लक्ष्मणराव मानी होते. त्यांनी १८९७ साली नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगावची वाट धरली. चालती नोकरी सोडायची म्हणजे केवढे धाडस!

बेळगावात रामूअण्णांच्या जोडीने त्यांचे सायकलींचे दुकान होते. तेवढ्यावर न थांबता त्यांनी जनावरांचा कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर केला. लाकडी नांगरापेक्षा हा नांगर जमिनीत खोल जायचा. तरी शेतकरी तो घेईनात! लोखंडाने जमिनीला विष चढते अशी तेव्हा लोकांची समजूत होती. पहिले नांगर खपायला फार दिवस लागले. मात्र एकदा शेतात नांगराचे काम दिसले, तेव्हा लोकांची खात्री पटली.

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच बेळगावातली जागा सोडण्याची पाळी आली. यंत्रे उचलून जायचे कुठे? त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन कसली, उजाड माळच तो! जिकडे तिकडे निवडुंग आणि त्यात नागसाप. १९१० साली या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई मुलाबाळांसह त्याच माळावर संसार करायला आल्या. थोरला मुलगा शंतनू तेव्हा अवघा ६ वर्षांचा होता. मी हा भाग आईला वाचून दाखवला, तर तिने पहिला प्रश्न केला तो पाण्याचा. कारखान्याचे नाव झाले ते लक्ष्मणरावांचे. पण राधाबाईंची साथ नसती तर त्या माळावर घर कसे टिकले असते, असे मला वाटते.

वाडीत लक्ष्मणरावांनी शिवाशिव पाळू दिली नाही. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांना राखणीचे काम दिले. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. लढाईचे लोखंड शेतीच्या कामी आले!

लक्ष्मणरावांनी मुलालाही उत्तम शिक्षण दिले. शंतनूला चुलतभाऊ माधवबरोबर थेट अमेरिकेला पाठवले. पण माधवला क्षय झाला आणि तो वाचला नाही. घरावर मोठेच दुःख कोसळले. तरी शंतनुरावांचे शिक्षण थांबले नाही. ते १९२६ साली इंजिनियर झाले आणि परत येऊन वडिलांच्या कामाला हातभार लावू लागले. नांगरामागून चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशा वस्तू वाडीत तयार होऊ लागल्या.

सर्वांत मोठा घाव म्हातारपणी बसला. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर दंगली उसळल्या. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. त्या वेळी लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर त्यांनी निवडुंग उपटून कारखाना उभारला, तिथे राख झाली. पण माणसे खचली नाहीत आणि कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. कुंडल रोड स्टेशनालाही आता किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.

मित्रांनो, रंग, बढती आणि जागा या तीनही गोष्टी लक्ष्मणरावांच्या हातून गेल्या. पण शिकलेली विद्या कोणी काढून घेतली नाही. दर वेळी तीच बरोबर घेऊन ते पुढे निघाले. आणि पालकहो, रामूअण्णांनी धाकट्या भावाला दुसऱ्यांदा उभे राहू दिले म्हणून हे सारे झाले. आमच्यापैकी कोणाला एखादी गोष्ट नाही जमली, तर लगेच शाळेतून काढू नका. त्याला दुसरे काय जमते ते आधी बघा, एवढीच विनंती.

लक्ष्मणरावांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.

एक विद्यार्थी, इयत्ता सातवी