बांधवांचा कैवारी : माणेकजी हातरिया

जमशेटजी, रुस्तमजी, सोराबजी ही नावे महाराष्ट्रात कोणाला अपरिचित नाहीत. मुंबईच्या पारशी घरांतून ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. परंतु ही नावे मूळची इराणातली. सुमारे हजार वर्षांपूर्वी फिरदौसी नावाच्या थोर कवीने ‘शाहनामा’ हे महाकाव्य रचले. त्यात इराणच्या प्राचीन राजांच्या व वीरांच्या कथा आहेत. जमशेद, रुस्तुम आणि सोहराब हे त्याच कथांचे नायक होत. इराणी लोक आजही या कथा अभिमानाने सांगतात, आणि समुद्राच्या अलीकडे राहणारे पारशी आपल्या मुलांना त्याच वीरांची नावे देतात. हे दूरचे नाते तुटू लागले असता ज्या पुरुषाने ते पुन्हा जोडले, त्याचे नाव माणेकजी लीमजी हातरिया.

इराण हा अतिप्राचीन संस्कृतीचा देश. अडीच हजार वर्षांपूर्वी सायरस आणि दरायस या सम्राटांचे राज्य सिंधू नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत पसरले होते. सद्विचार, सद्वचन व सत्कर्म यांची शिकवण देणारा जरथुश्त्राचा धर्म त्या देशात शतकानुशतके नांदत होता. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले. इ.स. ६५१ मध्ये शेवटचा सासानी राजा यझ्दगर्द मारला गेला. पुढे हळूहळू बहुतेक प्रजेने इस्लाम धर्म स्वीकारला. तथापि त्यांनी आपली फारसी भाषा सोडली नाही आणि वसंतारंभी येणारा नवरोजचा सणही सोडला नाही. जुना धर्म पाळणाऱ्यांपैकी काही जण गलबतांत बसून गुजरातच्या किनाऱ्यावर संजाण येथे उतरले. तेच आपले पारशी. जे मागे राहिले, ते वाळवंटाच्या कडेला असलेल्या यझ्द व केरमान या शहरांच्या आसऱ्याने दिवस कंठू लागले.

दोन्हीकडच्या बांधवांनी एकमेकांना विसरू नये म्हणून पूर्वजांनी बरीच खटपट केली. इ.स. १४७८ मध्ये नरीमान होशंग नावाचे गृहस्थ धर्मविषयक प्रश्नांची उत्तरे घेऊन यझ्दहून गुजरातेत परतले. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे अशी पत्रे अधूनमधून येत जात राहिली. पुढे तीही थांबली. इकडे मुंबईतील पारशी व्यापारात आणि जहाजबांधणीत नावारूपाला आले. तिकडे इराणातील त्यांचे भाऊबंद मात्र हलाखीत पिचत होते.

ती हलाखी कशी होती? त्यांना घोड्यावर बसण्याची मनाई होती. गाढवावर बसून जात असता वाटेत कोणी प्रतिष्ठित माणूस भेटला, तर खाली उतरावे लागे. नवी, शुभ्र वस्त्रे अंगावर घालता येत नसत. यझ्दचा उन्हाळा भाजून काढणारा. त्यामुळे तेथील घरांवर वारा आत घेणारे उंच मनोरे बांधतात. परंतु या लोकांना आपली घरे ठेंगणी ठेवावी लागत आणि वाऱ्याचे मनोरेही बांधता येत नसत. या सर्वांवर कडी म्हणजे जिझिया कर. तो भरता न आल्यास मारही खावा लागे.

हा जाच असह्य होऊन काही जण मुंबईचा रस्ता धरीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलिस्तानबानू ही तरुण कन्या आपल्या वडिलांसह अशीच मुंबईस आली. फ्रामजी पांडे या पारशी गृहस्थांशी तिचा विवाह झाला. आईची जन्मभूमी तिची मुले विसरली नाहीत. १८३४ साली बर्जोरजी या मुलाने इराणातून येणाऱ्या निराधारांसाठी निधी उभारला. मेरवानजी या दुसऱ्या मुलाच्या पुढाकाराने इराणातील बांधवांची स्थिती सुधारण्यासाठी मुंबईत एक मंडळ स्थापन झाले. गुलिस्तानबानूचे जावई दिनशा पेटिट हे त्याचे अध्यक्ष झाले. परळ येथील जनावरांच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, त्या साकरबाई म्हणजे या गुलिस्तानबानूचीच कन्या.

मंडळ स्थापन झाले, पैसाही जमला. परंतु त्या दूरदेशी जाऊन काम करणार कोण? मंडळाने माणेकजी हातरियांची निवड केली.

माणेकजींचा जन्म १८१३ साली सुरतेजवळच्या मोरा सुमाली या गावी झाला. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ते स्वतःच्या कष्टावर पोट भरू लागले. व्यापाऱ्यांचे मुनीम म्हणून त्यांनी दूरदूरचा प्रवास केला. परक्या मुलखात कसे वागावे, हिशेब कसा चोख ठेवावा आणि मोठ्या अधिकाऱ्यांशी कसे बोलावे, हे ते या प्रवासात शिकले. ३१ मार्च १८५४ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडली.

यझ्दला पोहोचल्यावर त्यांनी प्रथम काय केले असेल, तर माणसे मोजली. ज्यांना मदत करावयाची ते किती आहेत, कोठे आहेत, काय खातात, हे कळल्यावाचून मदत कशी करणार? मोजणीअंती मिळालेला आकडा काळजाला चटका लावणारा होता. एके काळी ज्यांचा धर्म साऱ्या साम्राज्यात नांदत होता, ते लोक आता अवघे सात हजारांच्या घरात उरले होते. त्यांपैकी साडेसहा हजारांहून अधिक एकट्या यझ्द भागात होते. हा सर्व वृत्तान्त त्यांनी मुंबईस लिहून कळविला.

मग एकेक काम सुरू झाले. यझ्द व केरमान येथील जीर्ण अग्निमंदिरांची दुरुस्ती झाली. पैशांअभावी ज्या गरीब मुलींचे विवाह अडले होते, ते मंडळाच्या खर्चाने लागले. लिहिता वाचता येणारी माणसे या समाजात फार थोडी उरली होती. म्हणून माणेकजींनी यझ्द आणि केरमान येथे शाळा काढल्या. पुढे तेहरान या राजधानीत त्यांनी वसतिगृहासह एक शाळा सुरू केली आणि यझ्द व केरमानची मुले तेथे आणून शिकविली. शरीराला अन्न हवे तसे मनाला ज्ञान हवे, हे त्यांनी ओळखले होते.

सर्वांत कठीण काम होते जिझिया कराचे. त्यासाठी माणेकजींनी भांडण मांडले नाही, शस्त्र उगारले नाही. त्यांनी अर्ज लिहिले, अधिकाऱ्यांची मने वळविली आणि शहाच्या दरबारी पुनःपुन्हा दाद मागितली. इंग्रज वकील हेन्री रॉलिन्सन यांच्या साहाय्याने त्यांना शहा नासिरुद्दीन यांची भेट मिळाली. करात थोडीशी सूट मिळाली, पण कर गेला नाही. तोवर गरिबांना मार बसू नये म्हणून मुंबईचे मंडळच दरवर्षी तो भरू लागले. १८७३ साली शहा लंडनला गेले, तेव्हा तेथील पारशी पुढाऱ्यांनीही त्यांना विनंती केली. वर्षांमागून वर्षे जात होती. माणेकजींचे केस पिकले, परंतु त्यांचा धीर खचला नाही. अखेर १८८२ साली शहाचे फर्मान निघाले आणि तो कर कायमचा रद्द झाला. मुंबई सोडल्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.

केवळ आपल्या धर्मबांधवांची सोय पाहून माणेकजी थांबले नाहीत. त्या काळी डोंगरकड्यावर कोरलेला दरायस राजाचा लेख रॉलिन्सन यांनी नुकताच वाचला होता. आपला पूर्वेतिहास किती वैभवशाली होता, याची जाण इराणातील सुशिक्षितांना नव्याने येत होती. माणेकजींनी जुनी हस्तलिखिते जमविली आणि विद्वानांना प्राचीन इतिहासावर ग्रंथ लिहिण्यास उत्तेजन दिले. खुद्द राजघराण्यातील जलालुद्दीन मिर्झा हे मुसलमान इतिहासकार त्यांचे स्नेही होते. सायरस आणि रुस्तुम हे कोणा एका पंथाचे नसून साऱ्या इराणी जनतेचे आहेत, ही भावना अशा स्नेहातूनच वाढीस लागली.

मध्यंतरी दोन-तीन वर्षे माणेकजी हिंदुस्थानात येऊन राहिले आणि आपल्या कामाचा वृत्तान्त त्यांनी गुजराती भाषेत प्रसिद्ध केला. परंतु स्वस्थ बसणे त्यांना रुचले नाही. ते पुन्हा इराणला गेले आणि १८९० साली तेहरान येथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांनी पेरलेले बीज वाया गेले नाही. १९०६ साली इराणात पहिली लोकप्रतिनिधींची सभा भरली. तीत जरथुश्त्री समाजाचे प्रतिनिधी म्हणून अरबाब जमशीद हे यझ्दचे व्यापारी बसले. ज्यांना एके काळी घोड्यावरही बसता येत नव्हते, त्यांना आता देशाच्या कारभारात स्थान मिळाले. १९२५ साली इराणने आपल्या पंचांगासाठी फरवरदीन आदी प्राचीन महिन्यांची नावे स्वीकारली. पारशी पंचांगातील महिन्यांची नावेही तीच आहेत. यझ्दकडून पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास आलेल्या लोकांनी नाक्यानाक्यांवर हॉटेले काढली. त्यांना आपण इराणी म्हणून ओळखतो.

माणेकजींजवळ राज्य नव्हते की सैन्य नव्हते. हातात लेखणी, मनात बांधवांविषयीची कळकळ आणि न थकणारी चिकाटी, एवढीच त्यांची शिदोरी होती. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी खचलेल्या लोकांना पुन्हा ताठ मानेने उभे केले.