विश्लेषण : दुही माजवणाऱ्या नेत्याच्या हाती राज्य टिकते का? दुसऱ्या बाजीरावाचा इतिहास काय सांगतो?

नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या खानदेशी गावांपासून पुण्याचा शनिवारवाडा फार दूर. तरीही तिथल्या भांडणाची झळ १८०२ मध्ये खानदेशला बसली. होळकरांच्या फौजांनी प्रांत लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावे ओस पडली, गावांची राखण करणारे भिल्ल जागले देशोधडीला लागले.

दुसरा बाजीराव कोण होता?

रघुनाथराव आणि आनंदीबाईंचा हा मुलगा. जन्म १७७५, धार. १७९६ मध्ये तो पेशवा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी शिंदे, होळकर, भोसले यांनी पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र येऊन खर्ड्याला निजामाला हरवले होते.

दुही कशी वाढली?

सरदारांची भांडणे जुनीच होती. ती मिटवणे हे पेशव्याचे काम. बाजीराव मात्र दौलतराव शिंद्यांच्या बाजूने उभा राहिला. १८०० मध्ये नाना फडणवीसांचे निधन झाले आणि त्याला आवरणारे कुणी उरले नाही. १८०१ मध्ये त्याने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्यांचे भाऊ यशवंतराव चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला.

परिणाम काय झाला?

तहानुसार इंग्रजांची तैनाती फौज आली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख गेला. १८०३ मध्ये शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर बाजूला राहिले. पुढे होळकर लढले, तेव्हा ते एकटे पडले. १८१७ मध्ये बाजीरावाची फौज खडकीला लढली, पण तोवर उशीर झाला होता. जून १८१८ मध्ये तो शरण गेला. त्याच वर्षी खानदेशही इंग्रजांकडे गेला.

मग राज्य टिकते का?

याचे उत्तर त्याच्याच घरात सापडते. वडील रघुनाथरावही दुही माजवणारेच होते. पण १७७४ मध्ये बारभाईंनी एकजुटीने त्यांना गादीवरून दूर केले आणि राज्य वाचले. मुलाच्या वेळी बारभाई नव्हते. असा नेता असूनही राज्य तरू शकते, मात्र त्याला रोखणारी माणसे आणि व्यवस्था शाबूत असावी लागते.

बाजीरावाला वर्षाला ८ लाखांचे पेन्शन मिळाले. बिठूरला तो १८५१ पर्यंत जगला. ओस पडलेली खानदेशातील गावे पुन्हा वसायला मात्र कित्येक वर्षे लागली.