शियाळी रामामृत रंगनाथन : ग्रंथपाल आणि अध्यापक

विद्यापीठाचे ग्रंथालय हे विद्यापीठाच्या अध्यापनाचाच एक भाग आहे, हा विचार आज सर्वमान्य वाटतो. आचरणात मात्र तो तितकासा रुजलेला नाही. अध्यापकाने वर्गात शिकवावे आणि ग्रंथपालाने ग्रंथ सांभाळावेत, अशी कामाची वाटणी आपल्या विद्यापीठांत दीर्घकाळ रूढ होती. ही वाटणी अमान्य करून ग्रंथालय व अध्यापन यांचे नाते ज्यांनी नव्याने घडविले, त्यांत शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांना ते सूत्रकार म्हणून परिचित आहेत. साहित्याच्या अभ्यासकांना त्यांचा परिचय बहुधा ग्रंथाच्या कण्यावरील अंकाक्षरांपुरताच असतो. त्या अंकाक्षरांमागे उभा असलेला मनुष्य मुळात गणिताचा अध्यापक होता आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तो अध्यापकच राहिला, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचा अर्थ लागत नाही.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तमिळ प्रदेशातील तंजावर जिल्ह्यात शियाळी येथे झाला. हा जिल्हा एके काळी भोसल्यांच्या राज्याचा मुलूख होता. त्या घराण्याने जोपासलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह मराठी अभ्यासकांना आजही तंजावरकडे ओढून नेतो. वडील रामामृत अय्यर रंगनाथन लहान असतानाच वारले. शालेय शिक्षण गावी झाल्यावर त्यांनी मद्रास ख्रिश्चन कॉलेजात प्रवेश घेतला आणि गणित हा विषय घेऊन १९१३ मध्ये बी. ए. व १९१६ मध्ये एम. ए. ही पदवी मिळविली. तेथील गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना त्यांनी जन्मभर गुरुस्थानी मानले. १९१७ पासून मंगळूर, कोइंबतूर आणि मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे त्यांनी गणिताचे अध्यापन केले. विद्यार्थ्याने केवळ व्याख्यान ऐकून घेऊ नये, त्याने स्वतः ग्रंथ चाळावेत आणि शंका घेऊन अध्यापकाकडे यावे, अशी त्यांची शिकविण्याची रीत होती. पुढे त्यांनी जे केले त्याचे बीज या रीतीत आढळते.

१९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. ग्रंथपालाच्या कामाचे कोणतेही शिक्षण त्यांना तोवर मिळालेले नव्हते. अध्यापकाच्या पगारापेक्षा या पदाचे वेतन अधिक होते आणि मित्रांचाही आग्रह होता, म्हणून त्यांनी ते पद स्वीकारले. परंतु विद्यार्थ्यांच्या सहवासाची सवय झालेल्या या तरुण प्राध्यापकाला ग्रंथालयातील शांतता असह्य झाली. वाचक थोडे, काम थोडे आणि बोलावयास कोणी नाही, अशा स्थितीत काही दिवसांतच परत महाविद्यालयात जाण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. आधी इंग्लंडला जाऊन या विषयाचे शिक्षण घ्यावे आणि त्यानंतरही मन रमले नाही तर परत यावे, अशी तडजोड निघाली. त्याच वर्षी ते लंडनला गेले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ग्रंथालय-विद्यालयात त्यांना डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स यांचे मार्गदर्शन लाभले. सेयर्स हे क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपाल होते. त्यांच्या सल्ल्याने रंगनाथन यांनी ब्रिटनमधील शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. मुले, कामगार, गृहिणी, संशोधक असे सर्व थरांतील लोक तेथे सहजपणे ये-जा करीत होते. मद्रासेतील रिकाम्या खुर्च्यांचे चित्र मनात घेऊन आलेल्या रंगनाथन यांना ग्रंथालयाच्या खऱ्या सामर्थ्याची जाणीव येथे झाली. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट त्यांच्या गणिती मनाला खटकली. या ग्रंथालयांत कामाच्या पद्धती पुष्कळ होत्या, पण त्या पद्धतींना एकत्र बांधणारे तत्त्व कोठेच दिसत नव्हते. १९२५ मध्ये ते भारतात परतले. महाविद्यालयात परत जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढील जवळजवळ वीस वर्षे त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वाहिली. कुलपात ठेवलेले ग्रंथ वाचकांना मोकळे करणे हे त्यांचे पहिले काम. मागणीची चिठ्ठी लिहून खिडकीपाशी तिष्ठत उभे राहण्याऐवजी वाचकाने स्वतः फडताळांपाशी जावे, ग्रंथ हाताळावेत आणि शोधीत नसलेलाही एखादा ग्रंथ त्याच्या दृष्टीस पडावा, यासाठी त्यांनी मुक्तद्वार पद्धती सुरू केली. ग्रंथालय उघडे ठेवण्याच्या वेळा त्यांनी वाढविल्या. वाचकाची अडचण समजून घेऊन त्याला योग्य ग्रंथापर्यंत नेणारी संदर्भसेवा त्यांनी उभारली आणि ग्रंथालयाच्या सर्व कामांत तिला मानाचे स्थान दिले. ग्रंथ विकत घेणे, त्यांचे वर्गीकरण करणे, तालिका तयार करणे ही सारी कामे त्यांच्या मते या एका क्षणाच्या तयारीसाठी होती. वाचक आणि ग्रंथ यांची गाठ पडली नाही, तर ती तयारी व्यर्थ होय. १९३६ मध्ये हे ग्रंथालय समुद्रकिनाऱ्यालगतच्या स्वतंत्र वास्तूत गेले, तेव्हा त्या वास्तूच्या रचनेतही वाचकाची सोय हाच विचार प्रधान होता.

या अनुभवातून त्यांच्या पाच सूत्रांचा जन्म झाला. १९२८ मध्ये त्यांनी ती मांडली आणि १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था आहे, असा या सूत्रांचा आशय आहे. प्रथमदर्शनी ही विधाने इतकी साधी वाटतात की, त्यांत शास्त्र ते काय असा प्रश्न पडावा. परंतु त्यांतील प्रत्येक विधान विद्यापीठावर एकेक कर्तव्य लादते. दुसरे सूत्र मान्य केले, तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि ज्येष्ठ प्राध्यापक यांच्यात ग्रंथालयाला भेद करता येत नाही. तिसरे सूत्र मान्य केले, तर न वाचलेला ग्रंथ हा वाचकाचा दोष न राहता ग्रंथालयाच्या हिशेबी जमा होतो. चौथे सूत्र मान्य केले, तर वाचकाला करावी लागणारी प्रतीक्षा ही गैरव्यवस्था ठरते. भूमितीतील गृहीतकांवरून सिद्धांत काढावेत त्याप्रमाणे रंगनाथन यांनी या पाच विधानांवरून उघडण्याच्या वेळांपासून कपाटांच्या उंचीपर्यंत सर्व नियम काढून दाखविले.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध कार्य म्हणजे १९३३ मध्ये प्रकाशित झालेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. तिची कल्पना त्यांना लंडनमधील एका मोठ्या दुकानात सुचली. तेथे लहान मुलांच्या मेकॅनो या खेळण्याचे प्रात्यक्षिक चालू होते. पट्ट्या, चाके आणि खिळे हे मोजकेच भाग निरनिराळ्या रीतींनी जोडून त्यांतून निरनिराळ्या वस्तू तयार होत होत्या. ज्ञानाच्या प्रत्येक विषयासाठी आधीच एक ठरीव घर बांधून ठेवण्यापेक्षा विषयाचे घटक वेगळे करावेत आणि ग्रंथाच्या आशयानुसार ते जोडून वर्गांक तयार करावा, हा विचार त्यांना त्यातून स्फुरला. घटक जोडण्याचे काम द्विबिंदू या चिन्हाकडे आले आणि पद्धतीला तेच नाव मिळाले. पुढे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलभूत कोटींच्या आधारे त्यांनी या विचाराला तात्त्विक बैठक दिली.

साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने या पद्धतीतील साहित्यविभाग विशेष विचारार्ह आहे. साहित्यकृतीचा वर्गांक भाषा, साहित्यप्रकार, लेखक आणि कृती या क्रमाने सिद्ध होतो आणि लेखकाचा निर्देश त्याच्या जन्मवर्षाने केला जातो. शतकासाठी एक रोमन अक्षर आणि त्यापुढे वर्षाचे दोन अंक अशी ही योजना आहे. १५६४ मध्ये जन्मलेला शेक्सपिअर ‘जे ६४’ होतो, १८६१ मध्ये जन्मलेले रवींद्रनाथ ‘एम ६१’ होतात, आणि याच नियमाने १८६४ मध्ये जन्मलेले हरिभाऊ आपटे ‘एम ६४’ होतात. त्यामुळे एखाद्या भाषेतील कादंबरीच्या फडताळापुढून चालत जाणारा विद्यार्थी नकळत त्या भाषेतील कादंबरीच्या इतिहासातूनच चालत जातो. वर्णानुक्रमाने लावलेल्या फडताळात हे घडत नाही. संस्कृतातील मूळ ग्रंथ आणि त्यांवरील भाष्ये, टीका व उपटीका एकत्र राहाव्यात यासाठीही त्यांनी स्वतंत्र युक्ती योजिली. पाश्चात्त्य पद्धतींत भारतीय वाङ्मयाला जी अपुरी जागा मिळत असे, तिच्या तुलनेत हा बदल मोठा होता. येथे प्रत्येक भारतीय भाषा इंग्रजीच्या बरोबरीने, एकाच नियमाने उभी राहिली.

या योजनेतील अडचणीही सांगितल्या पाहिजेत. साहित्यप्रकार लेखकाच्या आधी येत असल्यामुळे शिरवाडकरांची कविता एका फडताळावर आणि त्यांची नाटके दुसऱ्या फडताळावर जातात. एका लेखकाचा समग्र अभ्यास करणाऱ्याला ते गैरसोयीचे होते. मध्ययुगीन संतकवींच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. तुकारामांचा जन्म कोणी १६०८ मध्ये मानतात, तर कोणी १५९८ मध्ये. पहिले मत घेतले तर ते सतराव्या शतकाच्या अक्षराखाली येतात, दुसरे घेतले तर सोळाव्या शतकाच्या. ज्ञानेश्वरांच्या जन्मशकाविषयीही असाच वाद आहे. वाङ्मयेतिहासात जो प्रश्न अनिर्णित आहे, त्याचा निर्णय ग्रंथपालाला ग्रंथाच्या कण्यावर चिकटवावा लागतो. रंगनाथन यांच्या गणिती वृत्तीला निश्चित संख्या प्रिय होती. आपल्या परंपरेतील काळ मात्र तितका निश्चित नाही.

१९४५ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तेथील सुमारे एक लाख ग्रंथांच्या वर्गीकरणाचे प्रचंड काम त्यांनी अंगावर घेतले आणि त्यांतील बहुतांश स्वतःच्या हाताने केले. १९४७ मध्ये सर मॉरिस ग्वायर यांनी त्यांना दिल्ली विद्यापीठात बोलाविले. तेथे ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन त्यांनी मार्गी लावले. भारतातील या विषयाची पहिली पीएच. डी. पदवी दिल्ली विद्यापीठाने १९५७ मध्ये त्यांच्याच विद्यार्थ्याला दिली. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा व्हावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये असा कायदा केला होता. स्वतंत्र भारतातील असा पहिला कायदा १९४८ मध्ये मद्रास प्रांतात झाला आणि त्यामागे रंगनाथन यांचे परिश्रम होते.

विद्यापीठीय ग्रंथालयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना मात्र १९५७ ची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी ग्रंथालय समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद रंगनाथन यांच्याकडे दिले. समितीने १९५९ मध्ये अहवाल सादर केला. ग्रंथखरेदीसाठी दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि दर अध्यापकामागे व संशोधकामागे २०० रुपये या हिशेबाने अनुदान द्यावे, अशी शिफारस तीत होती. ग्रंथालयाला शिल्लक रकमेतून काहीतरी देण्याऐवजी वाचकांची संख्या मोजून पैसा द्यावा, हे तिचे मर्म होय. दुसरी शिफारस याहूनही मूलगामी होती. ग्रंथालयातील शास्त्रशिक्षित सेवकवर्गाचा दर्जा व वेतन अध्यापकांच्या बरोबरीचे असावे, असे समितीने सांगितले. विद्यार्थ्याला ग्रंथापर्यंत नेणारा मनुष्य शिकविण्याचेच काम करतो, हा रंगनाथन यांचा जुना सिद्धांत या शिफारशीत व्यवहाराच्या भाषेत उतरला आहे. १९२४ मध्ये ज्या एकाकीपणाला कंटाळून ते वर्गात परत जाऊ पाहत होते, त्यावर त्यांनी शोधलेला उपाय हाच होता. ग्रंथालय सोडून वर्गात जाण्याऐवजी त्यांनी ग्रंथालयालाच अध्यापनाचे स्थान केले.

१९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मद्रास विद्यापीठाला त्यांनी आपल्या बचतीतून एक लाख रुपये देऊन ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदाची सोय केली. त्या पदाला पत्नी शारदा यांचे नाव देण्यात आले. १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने बंगळूर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि उत्तरायुष्य त्यांनी तेथील विद्यार्थ्यांच्या सहवासात घालविले. १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कीर्तीत एक विसंगती आहे. ज्या वर्गीकरण पद्धतीने त्यांना जगभर मान्यता मिळवून दिली, ती भारतातीलच बहुसंख्य ग्रंथालयांनी स्वीकारली नाही. ड्यूई यांची दशांश पद्धती येथे अधिक रूढ राहिली. द्विबिंदू पद्धतीचे लांब व संमिश्र वर्गांक सेवकांना आणि वाचकांनाही अवघड वाटले. वाचकाचा वेळ वाचविण्याचे चौथे सूत्र ज्यांनी सांगितले, त्यांच्याच वर्गांकांविषयी हा आक्षेप निघावा, हे दुर्लक्षून चालणार नाही. तथापि विषयाचे घटक पाडून त्याचे विश्लेषण करण्याचा त्यांचा विचार जगभरच्या वर्गीकरणशास्त्राने आत्मसात केला आहे आणि संगणकावरील शोधपद्धतींतही त्याचा अंश दिसतो.

पाच सूत्रांचे तसे नाही. ती कोणत्याही पद्धतीवर अवलंबून नाहीत आणि म्हणून जुनी होत नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात भारतीय भाषांतील ग्रंथ किती आहेत, हा प्रश्न रंगनाथन यांच्या दृष्टीने दुय्यम आहे. ओडियाचा विद्यार्थी मराठी नाटक शोधीत आला, तर त्याला वाट दाखविणारे कोणी तेथे आहे काय, आणि तो रिकाम्या हाताने परतला तर त्याची नोंद कोणी घेते काय, हे त्यांचे प्रश्न आहेत. संगणकाच्या पडद्यावर ग्रंथाचे नाव दिसल्याने त्यांचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी विषय जाणणारा आणि वाचकाची वाट पाहणारा मनुष्य लागतो. असा मनुष्य नेमणे व त्याला अध्यापकाचा मान देणे ही विद्यापीठाची जबाबदारी आहे, एवढे रंगनाथन यांनी आपल्या आयुष्याने सिद्ध केले. ती जबाबदारी आपल्या विद्यापीठांनी किती पार पाडली, याचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही.