पोथी घेऊन निघालेला वाटसरू : हाइनरिख श्लीमान

ग्रीसच्या पश्चिमेस आयोनियन समुद्रात इथाका नावाचे एक लहानसे बेट आहे. लांबी उणीपुरी चोवीस किलोमीटर, आणि मधोमध कंबर इतकी बारीक की तिथे उभे राहिले म्हणजे दोन्ही बाजूंचा समुद्र दिसावा. होमरच्या ओडिसी महाकाव्याचा नायक ओडिसियस याचे हे राज्य. ट्रॉयच्या युद्धात दहा वर्षे आणि परतीच्या प्रवासात दहा वर्षे घालवून तो ज्या घराकडे निघाला होता, ते घर याच बेटावर असल्याचे परंपरा सांगते. १८६८ च्या जुलै महिन्यात या बेटावर एक शेहेचाळीस वर्षांचा जर्मन गृहस्थ उतरला. अंगाने किरकोळ, पेशाने निवृत्त व्यापारी, आणि गाठीला अफाट पैसा. बरोबर होमर होता. तो होमर वाचायला म्हणून आणलेला नव्हता, वाट शोधायला आणलेला होता. हा हाइनरिख श्लीमान.

ट्रॉय शोधणारा माणूस म्हणून आपण त्याचे नाव इतिहासाच्या तासाला ऐकतो. माझ्या मते मात्र त्याला ओळखायचे तर ट्रॉयच्या आधी इथाकावर ओळखावे. तिथे त्याच्या हाती कुदळ होती खरी, पण ती थोडी. पाय अधिक चालले.

त्याचा जन्म ६ जानेवारी १८२२ चा, उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमधला. बाप खेड्यातला पाद्री. आई तो नऊ वर्षांचा असताना गेली. आठव्या वर्षी बापाने नाताळची भेट म्हणून जगाचा सचित्र इतिहास दिला, त्यात जळणाऱ्या ट्रॉयचे चित्र होते आणि ते पाहून आपण हे शहर खणून काढायची प्रतिज्ञा केली, अशी कथा श्लीमानने पुढे स्वतःच सांगितली. आता अभ्यासक या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मोठेपणी स्वतःचे बालपण नव्याने लिहून काढण्याची खोड पुष्कळ मोठ्या माणसांना असते. श्लीमानला ती जरा जास्तच होती. पण चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो एका वाणसामानाच्या दुकानात नोकर राहिला हे खरे. हेरिंग मासे, बटाट्याची दारू, मीठ आणि मेणबत्त्या विकण्यात त्याची पाच वर्षे गेली.

पुढे तो दक्षिण अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढला. १८४१ च्या डिसेंबरात ते जहाज हॉलंडच्या किनाऱ्यावर फुटले आणि हा पोरगा अंगावरच्या कपड्यांनिशी अ‍ॅमस्टरडॅमला पोचला. तिथे कचेरीतली नोकरी, थंडगार खोली, आणि भाषांचा नाद! त्याची भाषा शिकण्याची रीत आपल्याकडच्या घोकंपट्टीला लाजवील अशी. मोठ्याने वाचायचे, रोज निबंध लिहायचे, तपासून घ्यायचे आणि तोंडपाठ म्हणायचे. रशियन शिकताना शिक्षक मिळेना, तेव्हा त्याने टेलेमॅकसच्या कथेचे रशियन भाषांतर पाठ करण्याचा सपाटा लावला, आणि समोर कोणी श्रोता असावा म्हणून आठवड्याला चार फ्रँक देऊन एका म्हाताऱ्याला बसवले. त्या बिचाऱ्याला रशियनचा गंधही नव्हता. शेजाऱ्यांना मात्र भिंतीतून सगळे ऐकू येई, आणि त्यांच्या तक्रारींमुळे याला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. हा टेलेमॅकस म्हणजे ओडिसियसचा मुलगा. इथाका अशी आडवाटेने त्याच्या तोंडी आधीच बसली होती.

१८४६ मध्ये तो पीटर्सबर्गला आपल्या पेढीचा प्रतिनिधी म्हणून गेला आणि थोड्याच वर्षांत स्वतःच बडा व्यापारी झाला. मध्यंतरी कॅलिफोर्नियात सोन्याची भुकटी विकत घेण्याचा धंदा करून आला, क्रिमियन युद्धात चांगला हात मारला. पण त्याचा मुख्य माल होता नीळ. त्या काळी युरोपात जाणाऱ्या निळीचा फार मोठा वाटा बंगाल आणि बिहारमधला असे. तिथल्या रयतेवर मळेवाल्यांनी काय जुलूम केले ते १८५९-६० च्या उठावाने आणि दीनबंधू मित्रांच्या नीलदर्पण नाटकाने जगापुढे मांडले. ट्रॉयच्या उत्खननाला सरकारी मदत नव्हती, विद्यापीठाची नव्हती. सगळा खर्च एका माणसाच्या खिशातला होता आणि तो खिसा निळीने भरलेला होता. श्लीमानच्या चरित्रांत ही गोष्ट एका वाक्यात आटोपलेली असते. आपण तरी ती इतक्या लवकर विसरू नये.

१८५६ मध्ये त्याने ग्रीक शिकायला घेतले. १८६४ च्या सुमारास धंदा गुंडाळला, जगप्रवासाला निघाला. त्या प्रवासात तो हिंदुस्थानातही येऊन गेला. मग पॅरिसमध्ये काही काळ व्याख्याने ऐकली. आणि १८६८ चा उन्हाळा उजाडला.

मागच्या वर्षी मला इथाकाला जाण्याचा योग आला, तेव्हा वाथी या मुख्य गावातून निघणाऱ्या पायी सहलीत मी नाव नोंदवले. आम्ही आठ जण, आणि बेटावरचीच एक मार्गदर्शक बाई. गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटर गाडीने जायचे आणि पुढे रस्ता सोडून पायवाटेला लागायचे. ही वाट अ‍ॅरेथूसाच्या झऱ्याकडे जाते. ओडिसीच्या तेराव्या सर्गात देवी अथीना ओडिसियसला सांगते की, तुझा इमानी डुकरे राखणारा यूमिअस तुला अ‍ॅरेथूसाच्या झऱ्याजवळ, कावळ्याच्या कड्यापाशी सापडेल. आणि चौदाव्या सर्गाच्या आरंभी तो बंदरापासून रानातल्या खडबडीत वाटेने वर चढतो. आमची वाट तीच, असे बेटावरची परंपरा म्हणते.

वाट अरुंद, उताराची, पायाखाली सुटे दगड. उजवीकडे डोंगर, डावीकडे खोल खाली निळाभोर समुद्र. सुरुवातीला ढासळलेले दगडी बांध आणि ऑलिव्हची झाडे, मग नुसते काटेरी खुरटे रान आणि ओव्यासारख्या वासाची झुडपे. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत, शेळ्या मात्र दिसत नसत. उन्हाने डोके तापले होते. शेवटी वर एक उभा कडा दिसला, तो कोरॅक्स, म्हणजे डोमकावळ्याचा कडा. आणि त्याच्या खालच्या अंगाला खडकातली एक कपार, तिच्यात थोडेसे पाणी. हाच अ‍ॅरेथूसाचा झरा. ज्याने मनात धबधबा धरला असेल त्याची निराशा होईल. आमच्यातल्या एकाची झाली, आणि त्याने सरळ विचारले की हीच ती जागा कशावरून?

बाई शांतपणे खडकावर टेकल्या. त्या म्हणाल्या, कडा आणि झरा होमरने एकत्र सांगितले आहेत, इथेही ते एकत्र आहेत. एवढेच सांगता येते. नावे कवितेच्या आधीपासून होती की कविता वाचून पुढच्या लोकांनी दिली, ते कोणी ठरवावे? पंचवटीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही, त्यामुळे मला त्यांचे उत्तर पटले. मग त्यांनी सांगितले की श्लीमानही या झऱ्याशी आला होता, आणि त्याला मात्र असला प्रश्न पडला नव्हता.

परतल्यावर त्याच्या त्या सफरीविषयी मिळेल ते वाचून काढले. माणूस पहाटे उठे, समुद्रात डुंबे आणि चालायला लागे. जिथे जाई तिथे होमरमधला प्रसंग जमिनीवर बसवून पाही. लोक भोवती जमले की त्यांना ओडिसीतला भाग त्यांच्या बोलीत करून वाचून दाखवी, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. एका घरापाशी चार कुत्री त्याच्या अंगावर धावून आली. ओडिसियस यूमिअसच्या झोपडीपाशी आला तेव्हाही कुत्री अशीच धावली होती आणि तो हातची काठी टाकून खाली बसला होता. श्लीमानला ते आठवले. तोही भुईवर बसला आणि हलला नाही. कुत्री भोवती भुंकत राहिली, पण चावली नाहीत. मला या माणसाच्या साऱ्या चरित्रात हा प्रसंग सर्वांत आवडतो. प्राध्यापकांनी होमरवर ग्रंथ लिहिले, पाठभेद चर्चिले. पण कुत्री अंगावर आली असता होमरच्या भरवशावर खाली बसणारा हा एकटाच असेल!

ओडिसियसचा वाडा त्याला बेटाच्या कंबरेवरच्या एटॉस टेकडीवर असावा असे वाटले. तिथे त्याने चार मजूर लावून खणले. राख भरलेले काही कलश मिळाले, बरेचसे काढताना फुटले. आणि ही राख ओडिसियस आणि पेनेलोपी यांची असू शकेल, असे तो लिहून गेला. पुराव्याच्या दृष्टीने याला काहीच अर्थ नाही. पण पुढच्या सगळ्या श्लीमानचे बीज इथे आहे: गोष्टीवर अढळ विश्वास, हाताला भयंकर घाई, आणि सापडलेल्या पहिल्या वस्तूला काव्यातले सर्वांत मोठे नाव.

इथाकाहून तो पेलोपोनीझमार्गे ऑगस्टमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर गेला. तिथे त्याला फ्रँक कॅल्व्हर्ट भेटला. हा तिथेच राहणारा इंग्रज. हिसारलिक नावाच्या टेकडीचा काही भाग त्याच्या मालकीचा, आणि ट्रॉय तिथेच आहे हे ओळखून त्याने चाचणीचे खणणेही केलेले. पैसा नव्हता म्हणून तो थांबला होता. श्लीमानने त्याच्याकडून टेकडी समजून घेतली आणि पुढे श्रेय देताना मात्र हात आखडला. ही गोष्ट त्याच्या नावाला शोभली नाही. १८६९ मध्ये इथाकाच्या ग्रंथावर रोस्टॉक विद्यापीठाची डॉक्टरेट, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रशियन पत्नीपासून घटस्फोट, आणि अथेन्सच्या सतरा वर्षांच्या सोफियाशी लग्न, हे सगळे एकाच वर्षात उरकले. पुढे मुलीचे नाव आंद्रोमाखी ठेवले आणि मुलाचे आगामेम्नॉन.

१८७१ ते १८७३ हिसारलिकवर शंभर-दीडशे मजूर राबत होते. होमरचे ट्रॉय अगदी जुने, म्हणजे अगदी तळाला असणार, हा त्याचा हिशेब. म्हणून टेकडी उत्तर-दक्षिण चिरीत त्याने प्रचंड चर खणला. वाटेत आलेल्या भिंती पाडून टाकल्या. टेकडीत एकावर एक अशी नऊ शहरे होती. १८७३ च्या मे अखेरीस खालून दुसऱ्या शहरात सोन्याचा साठा लागला: शिरोभूषणे, पेले, हजारो मणी. त्याने त्याला राजा प्रायमचा खजिना म्हटले, तुर्की सरकारच्या नकळत देशाबाहेर नेला, आणि सोफियाने शाल पसरून तो लपवायला मदत केली असे लिहिले. सोफिया त्या वेळी अथेन्समध्ये होती! खटला झाला, दहा हजार फ्रँकांची भरपाई ठरली असता त्याने पन्नास हजार दिले. तो खजिना १८८१ मध्ये बर्लिनला गेला, १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेला, आणि १९९६ मध्ये तिथल्या पुश्किन संग्रहालयात लोकांना दिसला. प्रायमचा मात्र तो नव्हे. ट्रोजन युद्धाचा जो काळ धरतात त्याच्या हजारावर वर्षे आधीचा तो आहे.

१८७६ मध्ये मायसीनीला त्याने राजघराण्याची थडगी उघडली. सोन्याचे मुखवटे निघाले. त्यांपैकी एकाला आजही आगामेम्नॉनचा मुखवटा म्हणतात. तोही युद्धाच्या काही शतके आधीचा. पण नावे चुकली तरी वस्तू खोट्या नव्हत्या. होमरपूर्वीचे एक अख्खे जग, ज्याला विद्वान कल्पना समजत होते, ते या व्यापाऱ्याने जमिनीतून वर काढले. कठोर टीकाकारालाही हे नाकारता येत नाही.

१८८२ पासून त्याच्याबरोबर विल्हेल्म डर्पफेल्ड हा तरुण वास्तुशिल्पी होता. थर जपून वाचायला त्याने शिकवले आणि श्लीमान साठीकडे झुकताना शिकलाही. १८९० च्या खोदकामात खालून सहाव्या शहरात मायसीनियन घडणीची भांडी निघाली. त्याचा अर्थ सरळ होता. होमरच्या वीरांचे समकालीन शहर दुसरे नव्हे, ते बरेच वरचे. आणि त्याचा टेकडीच्या मध्यावरचा भाग आता उरलेला नव्हता. थोडा ग्रीक-रोमनांनी अथीनाच्या देवळासाठी माथा सपाट करताना गेला होता, आणि उरल्यासुरल्यातून श्लीमानचा चर गेला होता. ज्या शहरासाठी त्याने निळीचे सारे पैसे ओतले, ते त्याने स्वतःच ओलांडून खाली खणले होते. पुढच्या वर्षी पुन्हा खणण्याचा त्याचा बेत होता.

तो पार पडला नाही. कानाच्या जुन्या दुखण्यावर नोव्हेंबरात जर्मनीत हाले येथे शस्त्रक्रिया झाली. पुरते बरे वाटण्याआधीच हा घरी, अथेन्सला, निघाला. नाताळच्या दिवशी नेपल्सच्या रस्त्यात कोसळला आणि २६ डिसेंबर १८९० रोजी गेला. डर्पफेल्ड आणि सोफियाचा भाऊ यांनी देह अथेन्सला आणला.

डर्पफेल्डने पुढे आणखी गंमत केली. होमरची इथाका म्हणजे आजची इथाका नव्हेच, शेजारचे लेफ्कास बेट होय, असे तो मांडू लागला. तिथे वर्षानुवर्षे खणले आणि १९४० मध्ये तिथेच मेला. आमच्या मार्गदर्शक बाई हे सांगताना जरा फणकारल्याच.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी मी बेटाच्या उत्तरेला स्टाव्हरोस गावी गेलो. तिथे एक छोटे संग्रहालय आहे. खालच्या पोलिस उपसागराच्या काठी एक गुहा होती, छत कोसळलेली. १९३० च्या दशकात सिल्व्हिया बेंटन या ब्रिटिश संशोधिकेने ती खणली. ब्राँझच्या तिवईवजा कढयांचे अवशेष निघाले, इसवी सनापूर्वीच्या नवव्या-आठव्या शतकांतले, बारांचे. त्या जमिनीच्या मालकाला आधी सापडलेली एक धरून तेरा. ओडिसीत ओडिसियसला निरोपाच्या वेळी मिळालेल्या कढयाही तेराच भरतात. आणि एका मातीच्या मुखवट्याचा तुकडा निघाला, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांमधला. त्यावर ग्रीक अक्षरांत ओडिसियसला केलेल्या नवसाची नोंद आहे. तुकडा तळहाताएवढाही नाही. काचेपाशी वाकून पाहावा लागतो.